न फाडलेली पानं

सांगा मंडळी, वस्तू आपली कधी होते? विकत आणली की? कपाटात ठेवली की? की चारचौघांना दाखवून मिरवली की?

कोण म्हणालं, ‘मिरवली की’? अहो काका, खरं बोललात! निदान देवळात तरी खरं बोललात!

आता ऐका. पेटीवाले, जरा हळू. ही गोष्ट दुःखाची आहे, उगाच नाचवू नका.

साताऱ्यात एक गृहस्थ होते, दिगंबरपंत हळबे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सुपारी नाही, पत्ते नाहीत. नाद एकच – इंग्लंडातली जुनी पुस्तकं! व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात छापलेली. कातडी पाठ, सोनेरी अक्षरं, मधूनमधून वाळवीची नक्षी! मुंबईच्या फूटपाथवर उकिडवे बसून धुंडाळायचे. लंडनच्या दुकानदारांना पत्रं लिहायचे. पार्सल आलं की मुंजीच्या बटूसारखं त्याचं कौतुक! रुमालानं पुसायचं, भिंगातून बघायचं, उन्हापासून जपायचं. आणि वाचायचं? छे हो! वाचलं तर झिजेल ना!

हसताय? तुमच्या घरी पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबशांचा सेट किती वर्षांत खाली काढला नाही, ते आठवा आधी.

तर पंतांच्या कपाटात एक निळं पुस्तक होतं. पाठीवर सोनेरी गलबत. कादंबरी होती, एका कप्तानाची आणि बंदरात मागं राहिलेल्या त्याच्या बायकोची. आता गंमत ऐका. त्या काळी मोठा कागद छापायचे, त्याच्या घड्या घालायचे आणि तसाच शिवून टाकायचे. घडीच्या कडा कापायच्या नाहीत! ज्यानं विकत घेतलं त्यानं सुरी घ्यावी, एकेक घडी फाडावी आणि वाचत जावं. हे पुस्तक कुणी फाडलंच नव्हतं! दोन पानं उघडी, मधली बंद. पुन्हा उघडी, पुन्हा बंद. आणि या नादी लोकांत अशा कोऱ्या पुस्तकाला फार मान. आला पाहुणा की पंत ते काढायचे – “बघा! दीडशे वर्षं झाली, सुरी लागलेली नाही!”

पंतांच्या पत्नी नलिनीबाई. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. तिला त्या सगळ्या कपाटातलं हे एकच पुस्तक हवं होतं.

“अहो, सुरी लावू का? एवढ्या एकालाच.”

“वेड लागलंय का? दीडशे वर्षं कुणी हात लावला नाही!”

“म्हणजे दीडशे वर्षं कुणी वाचलं नाही,” ती म्हणाली. “यात मिरवण्यासारखं काय आहे हो?”

पंतांनी पुस्तक पुसून परत कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप मात्र घातलं नाही, एवढं पुण्य त्यांच्या नावावर लिहा.

मग बाईनं काय करावं? रोज दुपारी पुस्तक मांडीवर घ्यायची. उघडी पानं वाचायची. बंद घडी वरून अलगद फुगवायची आणि एक डोळा मिटून आत डोकवायची. एखादी ओळ दिसायची, एखादी नाही. जे दिसायचं नाही, ते मनानं रचायची! आणि संध्याकाळी चहा झाला की पंतांजवळ येऊन बसायची. “ऐका ना, आज त्या बंद पानांत मी काय घातलंय –”

पंतांच्या डोळ्याला भिंग. “हं. नंतर सांग. आणि पान दुमडलं नाहीस ना?”

मंडळी, हे ‘नंतर’ फार वाईट! शिवी परवडली, शिवीला निदान उत्तर तरी देता येतं!

एके दिवशी दुपारी नलिनीबाई आरामखुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं. पुस्तक मांडीवरच होतं. एकही पान दुमडलेलं नव्हतं.

दिवस झाले, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. पंतांनी टेबलाच्या खणातून हस्तिदंती सुरी काढली. त्याच आरामखुर्चीत बसले आणि एकेक घडी फाडत गेले. कडा वेड्यावाकड्या फाटत होत्या, पण थांबले नाहीत. सगळी कादंबरी वाचून काढली. काय होतं त्यात? गलबतातला माल, बंदरावरचे तंटे, शेवटी वादळ. कप्तान बुडाला. संपलं! पंत पुस्तक मिटून बसून राहिले. त्यांना हे नको होतं हो! तिनं बंद पानांत घातलेलं हवं होतं! आणि ते कुठल्या दुकानात मिळणार? कुठल्या लंडनहून मागवणार?

पंत उठले आणि शेजारी कुमुदताईंकडे गेले. त्या नलिनीबाईंच्या मैत्रीण, ओट्यावर मेथी निवडत होत्या. पंत पायरीवरच बसले, काखेत निळं पुस्तक.

“कुमुदताई, आमची ही यातली गोष्ट तुम्हाला सांगायची का हो?”

“सांगायची की! रोज नवीन सांगायची. आधी तुम्हालाच सांगायला जायची, मग इकडं यायची.”

पंतांनी मान खाली घातली. “शेवट काय केला होता तिनं?”

कुमुदताईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. “तिचा कप्तान बुडत नाही. घरी येतो. पेटारेच्या पेटारे भरून परदेशच्या वस्तू आणतो. एकेक काढून बायकोला दाखवत सुटतो. आणि दाखवता दाखवता मध्येच थांबतो. म्हणतो, ‘माझं राहू दे. तू इतके दिवस काय केलंस? तुझं सांग.’”

“मग?” पंत पुढं सरकले. “मग ती काय सांगते?”

“तेही मी विचारलं होतं,” कुमुदताई म्हणाल्या. “तर हसली. म्हणाली, ते त्यानं खरंच विचारल्याशिवाय कसं कळणार?”

पंत पायरीवर बसून रडले. कपाटभर पुस्तकांचा मालक, आणि एका बाईच्या एका वाक्यासाठी शेजारच्या पायरीवर बसून रडला!

पेटीवाले, थांबा आता.

मंडळी, पंतांना नावं ठेवत घरी जाऊ नका. तुमच्या घरी कोण आहे? चाळीस वर्षं एका छताखाली राहिलात, ‘आमची ही’, ‘आमचे हे’ म्हणून मिरवलंत, आणि आतली किती पानं उघडलीत? अहो, मागच्या रांगेतले, मान वळवू नका, तुम्हालाच विचारतोय! आज प्रसाद इथं खाऊ नका. घरी न्या. त्या माणसाच्या हातावर ठेवा, समोर बसा आणि विचारा, “तुझं सांग.” उत्तर लांबेल. लांबू द्या. त्यापायी उद्या माझ्या कीर्तनाला कुणी आलं नाही तरी चालेल! रिकाम्या देवळात मी एकटा उभा राहीन, आणि देवाशपथ, मला आनंद होईल.