नातीनं आधीच बघितलेला जाळ

चहा पाजून परत तेच माझ्याकडनं वदवून घेताय, लाज न्हाई तुम्हाला. ऐका.

माझी नात सुमी बेंगळुरात कॉम्प्युटरवर गॅसचा जाळ काढून बघती. नळी फुटली तर आग कुठवर जाईल, ते आधी कळावं म्हणून. माझ्या पुतण्याच्या लग्नाला आमच्या गावी, गुंदात आली, आणि झावळ्यांच्या मांडवाच्या सावलीत लावलेली शेगडी बघून म्हणाली, "आज्जा, नळी झावळ्यांना लागून हाय. फुटली तर मांडव जाईल. सगळं उघड्यावर न्या."

मी सिलिंडर उचलला. सैपाकाचं बघणारा माझा मेहुणा चारचौघांत वरडला, "दाजी, पोरीच्या खेळापायी आमचा सैपाक उन्हात ढकलताय व्हय? येड लागलंय तुम्हाला!"

तरी नेलं. भात शिजताना नळी खरंच फुटली. हातभर जाळ फुसफुसत सुटला, पण मोकळ्या अंगणात. मी ओलं पोतं घेऊन धावलो.

"आज्जा, विझवू नको! गॅस पसरून भडका हुईल. आधी कॉक!"

तिनं मागनं जाऊन सिलिंडरचा कॉक फिरवला, जाळ आपसूक मेला. भात करपला, मांडव वाचला. आता गुंदात शेगडी मांडायच्या आधी सुमीला फोन जातोय.

मला येड्यात काढणारा मेहुणा तेवढा अजून माफी मागत न्हाई. नाव सांगतो, लाजू दे त्याला. परसू!