शांतता घेतो, माय!

…आन् वरून मलाच म्हणतो, "माय, बांगड्या काढ!" आता तुम्हीच सांगा, सवाशीण बाईला असं कोणी म्हणतं का हो? नवरा समोर खुर्चीत बसलेला, जिता-जागता, गळ्याला मफलर गुंडाळून… आन् पोटचं पोरगं म्हणतं बांगड्या काढ! कायको रे? तर म्हणे, "वाजायल्यात. शांतता घेतो, माय!"

तुम्हाला सांगते, दूध घेतात, भाजी घेतात, माझ्यासारखी बाई कोणाची फिरकी घेते… पण शांतता काय घ्यायची चीज हाय का?

पण हे आमचं गौतम! बायका इचारतात, "भामाबाई, पोरगा काय करतो?" मी म्हणते, "आवाज." "गातो का?" "न्हाई." "मग वाजवतो?" "वाजवतो, पण वाजवायच्या वस्तू सोडून!" इंजिनेर झालं, कुकटपल्लीच्या कारखान्यात लागलं, टाय लावून जायचं… एक दिवस गळ्यातला टाय काढला आन् गिटार घातली. रॉक म्हणे! आन् त्या गिटारीला बोटं लावंल तर शपथ, माझी सांडशी घासायचं तिच्यावर! मिक्सरात साबुदाणा फिरवायचं, ते टेप करायचं, त्याच्यावर ढोल बडवायचं… "माय, प्रयोग हाय." मी म्हटलं, कर बाबा प्रयोग, पण सांडशी दे, दूध उतू चाललंय!

बँडात चौघं होती. एक अमेरिकेला गेलं, एकानं कोठीच्या बाजारात चष्म्याचं दुकान टाकलं, एकाचं लग्न झालं ते कायमचंच झालं… आमचं एकटं ऱ्हाईलं. केसं पिकली, पण पाठीवरची घोड्याची शेपटी काही गेली न्हाई. पोटासाठी स्टुडिओत शिनेमाचे आवाज भरायला जातं. तेलुगू शिनेमात हिरो टाक-टाक चालत येतो ना, ते बूट हिरोचे न्हाईत बरं… ते आमच्या गौतमचे!

आन् ह्याचे बापू… म्हणजे आमचे हे, हिम्मतराव. घेते नाव, ह्या वयात काय लाजायचं? रेल्वेतला माणूस. गाडी लेट झाली असंल, हे कधी न्हाई. पोरानं टाय काढला त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणंच बंद. एका घरात हं! "भामे, त्याला म्हण, ताट थंड व्हायलंय." ते तिथंच, हातभर अंतरावर! ते म्हणणार, "माय, बापूंना सांग, जेवतो." आन् मधी मी. तारघर! इकडची तार तिकडं, तिकडची इकडं… केसं पिकली माझी बी.

मग ह्यांचा गळा बसला. बसला तो उठंच ना. डॉक्टर म्हणाले, गाठ हाय, आवाजाची पेटीच काढावी लागंल. जीव ऱ्हाईल, आवाज जाईल. ह्यांनी नुसती मान हलवली. पण गौतम… तुम्हाला सांगते, ते पोरगं भिंतीला टेकून खालीच बसलं. अहो, जगाचे आवाज जमवलेत त्यानं! माझ्या कुकरच्या शिट्ट्या हायेत, काचीगुडा टेसनातल्या गाड्यांचे भोंगे हायेत, शेजारच्या बकरीला पोटशूळ उठला तो बी हाय… आन् बापाचा आवाज? एक शब्द न्हाई!

दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी मशीन घेऊन आलं. काठीच्या टोकाला माइकचं ते केसाळ बोंडूक, मुंगसाचं पिल्लू बसल्यावानी. ह्यांच्या नाकापुढं धरलं. "माय, बापूंना सांग, काही बी बोला. नाव सांगा, गाव सांगा." हे मुंगसाकडं बघत म्हणतात, "भामे, त्याला म्हण, मी काय टेसनावर बोलणारी बाई हाय का?" झालं! येवढं बोलले, आन् मशीन चालू केली की ओठ शिवल्यासारखे गप! मशीन बंद केली की, "भामे, पंखा लाव." चालू केली की गप! हट्टाला बाप मोठा का पोरगा, मला अजून कळंना.

शेवटी गौतम म्हणालं, "जाऊ दे माय. बापू बसलेत त्या खोलीची शांतता तरी घेतो." त्यांच्या धंद्यात असतं म्हणे तसं. दर खोलीची शांतता येगळी, ती बी टेप करून ठेवतात. पंखा बंद, फ्रीज बंद… आन् म्हणे, "बांगड्या काढ."

काढते का मी? त्या दिवशी? पदर गुंडाळला हाताला आन् बसले.

बसलो तिघं. मशीनीचा बारका लाल दिवा. ह्यांचा श्वास… घर्र… घर्र… बाकी काही न्हाई. अहो, लग्न झाल्यापासून मी म्हणत आले, "जरा गप बसा हो, डोकं उठवलं!" आन् आता हे खरंच गप बसायचे होते. मला सहन व्हईना. ही शांतता उद्यापासून मलाच घ्यायची होती, पोरगं तर मशीन बंद करून चाललं जाईल!

उठले. ह्यांच्या देखत भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकवला. रेल्वेचा माणूस! नाकपुड्या फुगल्या, मिशा हलल्या… पण गप. बरं म्हटलं. सैपाकघरात गेले, चहा टाकला, साखरेच्या जागी मूठभर मीठ. कपबशी आणली, पदर सावरून लई अदबीनं पुढं केली. एक घोट…

"भामेऽऽ! अक्कल हाय का? चहा हाय का समुद्र? जल्म गेला चुलीपुढं, मीठ-साखर कळंना? तुझ्या बापानं फसवलं मला! लग्नातलं वरण बी खारटच होतं, तवाच उठायला पाहिजे होतं पाटावरून!" बसलेल्या गळ्यातून सुटली गाडी… माझं माहेर, माझा भाऊ, माझ्या भावाची म्हैस, सगळी टेसनं घेतली! आन् मग वळले. "आन् तू! दात कायको काढायलास? आधी ती शेपटी काप! आवाजाचं काम करतो म्हणं… कान तर दिसू दे!"

सरळ पोराला! मधी तारघर न्हाई!

गौतमच्या डोळ्यांतून धारा… पण तोंडातून हूं न्हाई का चूं न्हाई. टेप बिघडंल ना!

दुसऱ्या दिवशी ह्यांना चाकाच्या गाडीवर निजवून आपरेशनला आत नेत होते, तर ते पळत आलं. केसं कापून! कढईच्या कड्यांवानी कान बाहेर. ह्यांनी गाडी थांबवायला लावली, त्याचा कान धरला, आन् म्हणाले, "आता माझ्यासारखा दिसायलास." बास. दार लागलं. गौतमनं खिशात हात घातला… मशीन घरी!

म्हून ते वाक्य कुठं टेप न्हाई. माझ्याजवळ हाय फकत. अजून येतं, पायाशी बसतं, "माय, बापू काय म्हणाले ते म्हण ना." मी गळा घोगरा करून म्हणते. "टेप करू?" नक्को म्हटलं. मग इचारायला कशाला येशील?

त्या शिव्यांचं त्यानं गाणं केलं. एका हॉलात वाजवलं. पोरंपोरी मुंड्या हलवायलेत, "चहा हाय का समुद्र, समुद्र, समुद्र…" आन् हे पहिल्या रांगेत, मफलर बांधून, छाती फुगवून! एक पोट्टी मला म्हणते, "आंटी, आप ही भामे हैं क्या?" हौ म्हटलं. दुसरं कोण असणार?

आता त्यानं ह्यांच्या मोबाइलात बटण करून दिलंय. दाबलं की, "भामेऽऽ! अक्कल हाय का?" पण माणूस पडला न्यायाचा! माझी चूक असली तरच दाबतात. चूक न्हाई तर दिवसभर नुसतं… घर्र… घर्र… अहो, शांतता काय घ्यायची चीज हाय का? म्हून रोज सकाळी दोनदा चहा टाकावा लागतो. एक मिठाचा, ऐकायला. आन् एक साखरेचा, प्यायला… काय करता!