मिसबाला दाखवलेल्या चित्रपटांचा क्रम

जबाब देणार : तौफिक करीम तांबोळी, वय २३ वर्षे, धंदा – लग्नाच्या व्हिडिओंची जुळणी (एडिटिंग), शिक्षण नववी, राहणार बिबवेवाडी, पुणे.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझी बहीण मिसबा, वय १७, हरवल्याची खबर आमच्या वडिलांनी आज सायंकाळी दिली होती. ती हरवली नव्हती. ती माझ्याबरोबर वाघोलीला होती.

मिसबाचा डावा डोळा गेला आहे. उद्या सकाळी उजव्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. नजर राहीलच, असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. चित्रपट पाहिला तर चालेल का, हे मी त्यांना विचारले होते. चालेल म्हणाले. घरी विचारले नाही, कारण अम्मीने तिला बाहेर जाऊ दिले नसते.

अवकाशयानांची एक सहा भागांची चित्रपटमालिका मिसबाला पाहायची होती. माझा मित्र ऋषी याचे वडील बजरंगराव यांचे वाघोलीत मंगल कार्यालय आहे. तिथे लग्न दाखवायचा मोठा पडदा आहे व तो चालवायला मी नेहमी जातो. पितृपक्षामुळे कार्यालय रिकामे होते. ऋषीने किल्ली दिली.

क्रमावरून आमचा वाद झाला. ऋषी म्हणाला, "जे आधी निघाले ते आधी दाखव." चौथ्या भागातली गोष्ट सर्वांत आधी घडते, म्हणून चौथ्यापासून लावावे, असे माझे मत होते. पण एका दिवसात सहा भाग होत नाहीत. मी दोन्ही क्रम सोडले. तिसऱ्या व पाचव्या भागात पाहण्यासारखे जास्त आणि बोलणे कमी आहे. ते आधी घेतले. बाकीचे नुसते ऐकूनही कळतात. हे कारण मिसबाला सांगितले नाही. हल्ली असाच क्रम लावतात, असे सांगितले.

तिसरा भाग पूर्ण झाला. पाचवा सुरू झाल्यावर ती म्हणाली, "भाई, यातही सगळे मुकेच का?" ती म्हणाली, "लग्नाच्या व्हिडिओसारखं केलंस. माणसं कापलीस, नुसती रोषणाई ठेवलीस." मग म्हणाली, "बोलायचे भाग नंतरसाठी ठेवलेस ना? बंद कर. पहिल्यापासून लाव."

मी पहिला भाग लावला. त्यात बहुतेक वेळ माणसे एका खोलीत बोलत बसलेली आहेत. तिने तो पूर्ण पाहिला. त्यामुळे उशीर झाला.

आमचे दोघांचे मोबाइल बंद होते. वडील कार्यालयावर चौकशीला आले, तेव्हा राखणदार सोनबा यांनी "पितरांच्या दिवसांत कुणाचं लगीन असतंय? बंद हाय कार्यालय," असे सांगून त्यांना परत पाठवले. आम्ही मागच्या दाराने आत गेलो होतो, हे सोनबांना ठाऊक नव्हते. त्यांचा दोष नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. उरलेले भाग ऑपरेशननंतर दुसऱ्यापासून ओळीने पाहायचे, असे मिसबाने ठरवले आहे. तिला सकाळी लवकर दवाखान्यात न्यायचे असल्याने आम्हांस जाऊ द्यावे, ही विनंती.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला. मिसबाने आपल्याला वाचून दाखवू नये असे सांगितले व कागद उजव्या डोळ्याजवळ धरून शेवटपर्यंत स्वतः वाचला. मजकूर आम्ही सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.