गेटवर न आलेला बाप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि समता कॉलोनीतले माझे जुने शेजारी आदरणीय श्यामरावजी, प्रमुख पाहुण्या आणि आमच्या पोरांच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका विजयाताई, मंचावरील सर्व मान्यवर, समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, आणि शेवटच्या रांगेतल्या ज्या मंडळींचं अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं मागच्या वांगेभाताकडे आहे, अशा माझ्या सच्च्या मित्रांनो, तुम्हा सर्वांना गुलाबराव गजभियेचा सविनय जय भीम आणि नमस्कार.

श्यामरावजींनी आत्ता माझी जी ओळख करून दिली, ती ऐकून मीच जरा इकडेतिकडे पाहिलं, की हा कोण वाघ मंचावर येऊन राहिला? ‘आगीशी झुंजणारा वीर.’ ‘विमानतळाच्या विकासाचा शिल्पकार.’ मी मान खाली घातली होती. तुम्हाला वाटलं असेल, काय नम्रता आहे! नम्रता कसली हो, मी हसू दाबत होतो.

मी विमानतळाच्या फायर स्टेशनमधून निवृत्त झालो, हे खरं. पण या उभ्या नोकरीत मी एकही पेटलेलं विमान विझवलं नाही. कारण आपल्या शहराच्या विमानतळावर, सुदैवानं, एकही पेटलं नाही. म्हणीत म्हणतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझ्या पत्रिकेत नुसता बंबच होता. अशा माणसाला तुम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं. आता कोणाला सांगू नका, नाहीतर उद्या सगळेच रिकामे लोक सत्कार मागतील.

तर मंडळी, भाषण विमानतळावर करायचं असं मला सांगितलं आहे आणि ते मी करतो. पण आज मला भाषणाच्या आडून एक घरचं कामही उरकायचं आहे. तिसऱ्या रांगेत, आईच्या बाजूला, हाताची घडी घालून जो बसला आहे, तो माझा मुलगा यशदीप. बंगळुरूहून आला आहे. तो माझ्यावर रुसून आहे, आणि हा रुसवा आजचा नाही, चांगला सहा वर्षांचा आहे. घरी तोंड उघडलं की आमची गाडी ‘जेवलास का’ आणि ‘हाव’ याच्या पुढे जात नाही. म्हटलं, तुमच्या साक्षीनं बोलून पाहावं. इथून तो उठून जाऊ शकत नाही, आई सोडणार नाही.

विमानतळाकडे येतो. मी लागलो तेव्हा तिथे काय होतं? एक बैठी इमारत, एक बाभूळ आणि बाहेर एक चहाची टपरी. विमान यायचं ते लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखं, आलं तर आलं. त्याला पोहोचवायला मात्र अख्खं गाव. एकटा माणूस दिल्लीला चालला की मागे आत्या, मामी, पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानाचे सारे नोकर, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. आणि आम्ही फायरवाले? विमानाच्या आधी रनवेवर गाडी घेऊन निघायचो आणि टिटव्या अन् ससे हाकलायचो. आमची कांता माहेरी सांगायची, ‘आमचे हे विमानतळावर अधिकारी आहेत.’ मेहुणा विचारायचा, ‘काय करतात?’ ती म्हणायची, ‘ससे हाकलतात.’

मग नवं राज्य झालं, आपलं रायपूर राजधानी झालं, आणि विमानतळानं जे अंग धरलं म्हणता! काचेची मोठी इमारत आली. सरकते जिने आले. त्या जिन्यापाशी आमच्याच काकू चप्पल काढून हात जोडून उभ्या राहिल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विमानं मोठी झाली. आता फायर स्टेशनचा हिशोब असा असतो की विमान जेवढं मोठं, तेवढ्या आमच्या गाड्या जास्त, पाणी जास्त, फोम जास्त, माणसं जास्त. म्हणजे विमानतळ वाढत गेलं, तसं आमचं काही न करणंही मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं.

नाही, एक मोठं काम केलं आम्ही. नवीन विमानसेवा सुरू झाली की पहिल्या विमानाला पाण्याची सलामी देतात. दोन बाजूंना दोन गाड्या, दोन्हींचे फवारे वर मिळून कमान, आणि तिच्याखालून विमान डौलात येतं. फार शोभिवंत रिवाज आहे. एकदा ही कमान मी स्वतः उभारली. आमचा धर्मपाल, तो बसला आहे पाहा तिकडे मिशीवर हात फिरवत, तो म्हणाला, ‘साहेब, वारा फिरून राहिला.’ मी म्हटलं, ‘तू शिकवू नको मले.’ वारा फिरला. विमान एका बाजूनं कोरडं निघून गेलं आणि कमान उतरली ती स्वागताला उभ्या पाहुण्यांवर. बँडवाल्यांच्या तुताऱ्यांतून पाणी निघालं. एका पाहुण्यांच्या केसांचा काळा रंग पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला. आयुष्यभराच्या नोकरीत मी नेम धरून पाणी मारलं ते एवढंच. टीव्हीवर पाहून कांता म्हणाली, ‘काहून हो, आग तर दिसली नाही?’

हसा, हसा. यशदीपसुद्धा हसला, मी पाहिलं बरं का!

आता त्याची तक्रार ऐका, कारण ती खोटी नाही. हा बंगळुरूला नोकरीला लागला. सुरुवातीला रेल्वेनं यायचा, मग इथून तिकडची विमानं वाढली आणि पोट्टा विमानानं येऊ लागला. दर वेळी बाहेर आला की बघायचा, सगळ्यांचे बाप गेटवर उभे. त्याचा बाप त्याच आवारात नोकरीला, आणि नेमका तोच नाही! कधी शिफ्ट, कधी ड्रिल, कधी साहेबांची पाहणी. खरं सांगू? कधी कधी आळससुद्धा. वाटायचं, घरी तर येणारच आहे.

एकदा तो बऱ्याच महिन्यांनी येणार होता. कांतानं सकाळीच बजावलं, ‘आज तरी गेटवर जा. पोट्टं काय दर आठवड्याले येते का?’ मी म्हटलं, जातो. चार्ज धर्मपालकडे दिला. केस विंचरले, होते तेवढे. रुमालाला अत्तर लावलं. स्टेशनच्या दारातून निघालो आणि कंट्रोल टॉवरची धोक्याची घंटा वाजली.

येणाऱ्या विमानाची चाकं खाली उतरून पक्की बसली की नाही, ते दाखवणारा दिवा वैमानिकाला दिसत नव्हता. विमान वर घिरट्या घालू लागलं. टॉवरनं विमानाचा नंबर सांगितला. धर्मपालनं माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं त्या विमानात कोण आहे. तो म्हणाला, ‘साहेब, तुम्ही गेटवर जा. मी आहे ना.’

मंडळी, गेटवर जाऊन मी काय करणार होतो? हार घेऊन उभा राहणार होतो?

मी गाडीत चढलो. आम्ही सगळ्या गाड्या रनवेच्या कडेला लावल्या, इंजिनं चालू, नळ्या तयार. मी आगीचा सूट चढवला, पण गळ्याचा पट्टा काही मला लागेना, तो धर्मपालनं लावून दिला, लहान पोराला शाळेत धाडताना लावतात तसा. पोरं मला विचारत होती, ‘साहेब, फोम कुठून मारायचा?’ आणि मी उत्तरं देत होतो, बरोबर देत होतो, पण तो आवाज माझा नव्हता. एवढी वर्षं मला लाज वाटायची की मी काही केलं नाही. त्या दिवशी मी त्या विमानाकडे बघून म्हणत होतो, आजही काही करायला लावू नको रे. मले असाच रिकामा राहू दे. भीती वाटली मला. सूटच्या आत घामानं आंघोळ झाली आणि मी रडलो. हेल्मेटच्या काचेमुळे कोणाला दिसलं नाही, एवढंच.

विमान उतरलं. चाकं पक्की होती, बिघडला होता तो नुसता दिवा. आतल्या प्रवाशांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. आम्ही गाड्या घेऊन शेवटपर्यंत त्याच्या मागे धावलो. मग पाहणी झाली, गाड्या जागेवर लागल्या, आणि मी घरी पोहोचलो तेव्हा साहेबजादे सोफ्यावर तोंड फुगवून बसले होते. म्हणाला, ‘पापा, मैंने खिड़की से देखा। आप लोग गाड़ियों की परेड निकाल रहे थे, और मैं गेट पे आपको ढूँढ रहा था।’ मी म्हटलं, ‘काम होतं.’ तर म्हणतो, ‘आपको काम रहता ही क्या है?’

आता त्याचं तरी काय चुकलं? घरात सशांच्या गोष्टी मीच सांगितल्या होत्या ना! त्या दिवसापासून यानं कधी येणार ते मला सांगणं सोडलं. आईला सांगतो.

तेव्हा मी बोललो नाही, कारण कांता बाजूलाच उभी होती. तिला कळलं असतं तर तिनं पोराला परत विमानात पाय ठेवू दिला नसता. मग हा रेल्वेनं आला असता, दोन वर्षांतून एकदा. मी हिशोब केला, पोरगा रुसलेला चालेल, पण येत राहिला पाहिजे. आज बोललो, कारण आता तो तिचं ऐकण्यापलीकडे गेला आहे आणि मी निवृत्त झालो आहे. कांता, तू अशी डोळे वटारून पाहू नको, घरी गेल्यावर जे बोलायचं ते बोल.

काय म्हणून राहिला तू, यश? जोरात बोल, माईकवर ऐकू येत नाही.

‘बताया क्यों नहीं, पापा?’

अरे, सांगायला झालं काय होतं? काहीच तर झालं नाही! त्या विमानातून तू उतरलास, पायऱ्यांवर थांबून केस नीट केले, बॅग खांद्यावर टाकली आणि चालू लागलास. मी तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर गाडीत बसून होतो. हाक मारली नाही. विझवायला काही नव्हतं, मी तुले डोळे भरून पाहिलं, बस.

असो. विमानतळाचं भाषण कुठून कुठे गेलं. आपल्या मराठी मंडळानं एवढा मोठा कार्यक्रम ठेवला, श्यामरावजींनी माझ्याबद्दल चार चांगल्या थापा मारल्या, विजयाताई गुडघे दुखत असताना आल्या, धर्मपालनं आणि साऱ्या पोरांनी मला वर्षानुवर्षं साहेब म्हणून खपवून घेतलं, आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींनी वांगेभात अजून गरम ठेवला, या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलताना कोणाला लागलं असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, मराठीत हिंदी मिसळली असेल, तर आपल्याच घरचा वेडा म्हणून पदरात घ्या. ज्या पाहुण्यांना मी भिजवलं, त्यांचीही पुन्हा एकदा हात जोडून क्षमा मागतो.

आणि यश, उद्या दुपारी तुझं विमान आहे, हे मले तुझ्या आईकडून कळलं. टॅक्सी बोलावू नको, बाबू. मी येतो सोडायले.