बाबांच्या डोक्यामागचा डबा

गोपाल: ...अन् काल तर ताटच लोटून देलं बाबांनं. सारी खिचडी चादरीवर! म्हणतात, "लोक हसून राहिले मले, मी नाही खात." आता तूच सांग ताई, मागच्या खोलीत कोण बसलं हाय हसाले?

सीमा: कधीपासून चाललं हे?

गोपाल: लकवा झाल्यावर दवाखान्यातून घरी आणलं, तवापासून. दिवसा ठीक राहतात. संध्याकाळचं ताट पुढं आलं की सुरू. खंगून चालले. म्हणून त तुले अकोल्याहून बोलावलं. उद्या डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊ. मी एकटा नाही नेत बावा. गाडीत लाळ गळते त्यांची, थुकतात. मले ओकारी येते.

सीमा: बापाची ओकारी येते तुले?

गोपाल: येते. खोटं कायले बोलू? प्रतीक्षाबी त्याच्यानंच माहेरी गेली, अंजनगावले.

गोदाबाई: तुही बायको भावाच्या साखरपुड्याले गेली. उगाच तिच्या नावावर नको खपवू.

सीमा: आई, बाबांले भरवते कोण? तूच न? तुले आलं का कोणाचं हसणं ऐकू?

गोदाबाई: येते न वं. टीव्हीतले हसतात. संध्याकाळी थे हसाचं लागते नाही का? म्या सांगतलं त्याहिले, टीव्ही हाय म्हून. त म्हणतात, "टीव्ही बोलते तरी. हे बोलत नाहीत, नुसते हसतात."

सीमा: पण टीव्ही तर इथं हॉलमध्ये. मागच्या खोलीत कसा हसते?

गोपाल: अवं, डबा लावला न म्या तथी! होम थिएटरचा, स्पीकरचा. पाच डबे निघाले खोक्यातून. म्हटलं, आपणच कायले पाचही घ्यावं? एक आईले सैपाकघरात, एक वरती प्रतीक्षाले, एक बाबाले, दोन इथं. वावराचे हिस्से करतात तसे सारखे वाटले. कोणाले बोलाले जागा नाही ठेवली. वायर पाह्य कशी नेली भिंतीभिंतीनं, दिसते तरी का कुठी?

सीमा: अन् बाबांचा हिस्सा कुठं ठोकला?

गोपाल: खाटीच्या मागं, वरती. समोर त कपाट हाय.

सीमा: ज्या माणसाची मान वळत नाही, त्याच्या डोक्यामागं?

गोपाल: आवाज ऐकाचा असते ताई, पाहाचा नसते.

सीमा: त्यांना सांगितलं होतं, इथं डबा लावला म्हणून?

गोपाल: दवाखान्यात होते तवाच ठोकून टाकला. म्हटलं, घरी आल्यावर खूश होतील.

सीमा: टीव्ही लाव. थेच लाव, हसाचं. मी बाबांजवळ जाऊन बसते. आई, तू सैपाकघरात जा आणि काय काय ऐकू येते ते नीट ऐकजो.

(सीमा मागच्या खोलीत जाते. थोड्या वेळानं बाहेर येते.)

सीमा: गोपाल, त्या डब्याखाली तू एकदा तरी बसला का रे?

गोपाल: मी? मी त दारातूनच विचारतो. वास मारते आतमंदी.

सीमा: शी! तुही शरम वाटते मले. मी बसले. एक शब्द नाही त्या डब्यात. ना बोलणं, ना गाणं. टाळ्या, अन् खी खी खी. परत टाळ्या, परत खी खी. मले माहीत होतं टीव्ही आहे, तरी अंगावर काटा आला. बाबांनी माहा हात असा धरला, अन् म्हणाले, "ऐकलं? आले पाह्य." आई, तुले काय ऐकू आलं?

गोदाबाई: सारं बोलणं. नवरा काय म्हणते, सासू काय म्हणते, एकूणएक. हसणं नाही आलं बाप्पा. सैपाक करताना मी रोज म्हणो, हे लोक मरमर जोक सांगून राहिले अन् एकबी माणूस हसत नाही यायले. कीव ये मले त्यायची.

सीमा: ऐकलं का हिस्सेदार? बोलणं सैपाकघरात, अन् हसणं बाबांच्या डोक्यावर! अरे येड्या, हे डबे एकाच खोलीत लावाचे असतात. मधला बोलते, मागचे टाळ्या वाजवतात. पाच मिळून एक आवाज होते. त्याचेबी तुकडे पाडले तू!

गोपाल: मले काय माहीत? इथं हॉलात त मस्त धाडधाड वाजे.

सीमा: बोलणं येत होतं इथं?

गोपाल: नव्हतं येत चांगलं. मले वाटलं, थिएटर म्हणजे असंच असते. अन् मी त मॅच पाहतो.

सीमा: आता इकडं ऐक. तोंड वाकडं झालं, घास ओठातून बाहेर येते, लाळ गळते. आई पुसून राहिली. अन् डोक्यामागून पन्नास माणसं खदाखदा हसतात. रोज, ताट आलं की हसतात. तू खाल्लं असतं?

गोदाबाई: खाते कुठचा! अन् हा दारात उभा राहून त्याहिच्यावर खेकसे, "नाटकं बंद करा बाबा." नाटकं म्हणे! नाटकवाला डबा यानंच ठोकला.

गोपाल: झालं न आता. काढतो डबा. मंग बाबाले टीव्ही नाही, अजून काय?

सीमा: टीव्हीचा स्वतःचा आवाज चालू कर. त्याच्यातून शब्द तर येईल.

गोपाल: मंग माहे डबे बंद पडतात, दोन्ही संगं नाही चालत. सेटिंगमंदी जाऊन पाह्य. एक त टीव्हीचा आवाज, नाही त बाहेरच्या डब्यायचा. एकावर ठेवला की दुसरा मुका.

सीमा: आमच्या घरी हाच तमाशा झाला. सासूले टीव्हीचा आवाज पाहिजे, पोराले धाडधाड. सेटटॉप बॉक्सच्या मागं पाहा. एक जाड वायर टीव्हीत जाते, ती राहू दे. बाजूला लाल अन् पांढरं भोक आहे, रिकामं?

गोपाल: हाय.

सीमा: तुह्या होम थिएटरची लाल-पांढरी वायर टीव्हीतून काढ अन् तिथं खुपस. आता टीव्ही त्याच्या स्वतःच्या आवाजावर घे.

गोपाल: थांब... आला! दोन्हीकडून आला. पण घुमते ताई. एकाच शब्दाले दोन आवाज येऊन राहिले. असं कोणी ऐकते का?

सीमा: त होम थिएटरचा कमी कर. तो रिमोट वेगळा आहे न? हां. थोडं घुमलं त घुमू दे, शब्द तर आला. आता बाबांची खाट इकडं आण.

गोपाल: इकडं? हॉलात?

सीमा: मग टीव्ही तिकडं नेतो?

गोपाल: नवा सोफा हाय ताई. लोक येतात, जातात. थो थुकीचा डबा, थे फडके... कोण बसन अथी? मले सांगताबी किळस येते.

गोदाबाई: पुसतो मी, धुतो मी, अन् किळस येते याले! ज्याले बसाचं नाही त्यानं नको बसू. हा माणूस पाहुणा नाही, या घराचा मालक हाय. म्याबी लय ऐकलं तुहं, चूप बसलो. आण खाट.

गोपाल: ...धर ताई. तू डोक्याकडून धर, मी पायाकडून.

सीमा: नाही. पायाकडून मी धरते. डोक्याकडून तू.

गोपाल: अवं, तिकडून लाळ...

सीमा: म्हणूनच.

गोदाबाई: हळू बापा, चौकट लागन. उचल त्याहिचं डोकं थोडं. हां. हातावर घे. असं.

गोपाल: बाबा, घाबरू नका. मी हाय, गोपाल.

खुशालराव: गो... पाल? कुठी... नेतं मले?

गोपाल: कुठीच नाही. समोर नेऊन राहिलो. हॉलात. झालं, ठेव ताई. पाहा आता बाबा. दिसते का? टीव्ही हाय.

खुशालराव: थे... परत हसून राहिले.

गोपाल: हो. पण कोणाले हसून राहिले थे पाहा. थो जाड्या, मिशीवाला. लुगडं नेसून नाचते, अन् पाय अडकून पडते. पाहा, पडला.

खुशालराव: याले... हसत होते?

गोपाल: यालेच, बाबा.

खुशालराव: रोज?

गोपाल: रोज. डबा म्या ठोकला होता तुमच्या डोक्यामागं. तुमाले दिसला नाही.

खुशालराव: मले... नाही?

गोपाल: नाही बाबा. तुमाले कोणी नाही हसलं.

गोदाबाई: गोपाल, तुह्या बाहीवर पाह्य, सारी लाळ लागली. घे हे फडकं.

गोपाल: राहू दे.

खुशालराव: मंग आन... खिचडी.