लाटलेली भाकरी

सांगलीत सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे पद्माताई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर आटपाडीकडचं एक जोडपं होतं. त्यांची दहावीतली संयोगिता रक्त द्यायला आत गेली, तसं आईनं बोलणं काढलं.

"आवं, काय सांगायचं डॉक्टरांना? विंजेक्शन सुरू करायचं का न्हाई?"

"गोळ्या चालू हायत्या की. एवढ्याशा पोरीला इतकं जालीम औषध? अंगातली ताकद कमी हुती म्हणाले."

"रोगाशी लढायची ताकद म्हणाले. म्हणून तर आधी तपासण्या करत्यात. आन् थांबलो तर बोटं वाकडी हुतील, त्येबी म्हणाले."

"एवढं दुखत असतं तर बोलली असती. घरातलं सगळं करती की."

"भाकरी लाटून करती, ते दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं की. आळशी झालीस, म्हणून बोललो बी तिला. आपल्यात कोण भाकरी लाटतंय?"

"म्हणून परवा पाहुणं आलं तवा थापली तिनं."

"मग? चांगली झालती की."

"व्हय. तुमी जेवून उठलासा, मग तिला मी भरवलं. घास धरता येत न्हवता."

पद्माताईंनी मोबाइलवरची नजर वर केली नाही.

मुलगी बाहेर आली.

"आण्णा, झालं."

"पिशवी दे हिकडं."

"हलकी हाय."

"दे म्हणलं न्हवं. आत गेल्यावर विंजेक्शन कवापास्नं द्यायचं, ते मी इचारतो."