रुमालाखालचा सौदा

त्या दिवशी काठमांडूत धुकं एवढं दाट पडलं होतं की समोरचा माणूस दिसंना, अन् थंडी हाडात शिरायली होती. पशुपतिनाथाचं दर्शन झालं, पण मी एकटा म्हातारा, मला स्वस्तातली खोली कुठंच मिळंना. शेवटी एका लॉजात शिरलो, तर तिथं मालकासमोर गिऱ्हाईकं बसलेली.

मी जन्मभर पालमकडं बैलाची दलाली केलेली. आमच्या बाजारात लोकांदेखत भाव बोलत न्हाईत. आधी जनावराचे दात बघायचे, मग रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा. सवयीनं मी मालकाचा हात धरला, वर रुमाल टाकला अन् दोन बोटं दाबली, म्हणजे दोनशे.

मालक दचकला. मग माझ्या कपाळावरचं भस्म बघून त्यानं दुसरा हातबी रुमालाखाली सरकवला. म्हणला, "बाबा, बेटी की शादी कब होगी?"

मी गडबडलो. म्हणलं, "अरे भाई, हम ज्योतिषी नहीं. हम तो बैलां का धंदा करते."

त्यानं पायच धरले. "नंदी के सेवक! कमरा आपका, बाबा!"

खोली फुकट मिळाली, वर गरम चहाबी. पण सकाळी दार उघडतो तर बाहेर लोक हात पुढं करून रांगेत उभे!

गावी आल्यावर शेजारच्या मन्मथला हे सांगितलं. तो पोट धरून हसला अन् म्हणला, "नशीब अप्पा, हात धरायच्या आधी तुमी त्याचे दात न्हाई बघितले!"